शंकेनं मंदावणारा दिवा

भर दुपारी दीडदोनशे माणसं दिवा बघायला उन्हात उभी होती. हसू नका, खरोखरच उभी होती. सायकल कारखान्याच्या जुन्या गोदामापुढं मोठं अंगण होतं, अंगणाला पांढराफेक चुना फासलेला होता आणि ऊन असं की कोंबडीनं तिथं अंडं घातलं असतं तर पिल्लू बाहेर डोकावून पुन्हा आत गेलं असतं. तरी कुणाच्या डोक्यावर टोपी नाही की डोळ्यांवर गॉगल नाही. दोन्ही फाटकाशी काढून ठेवायचे, असा उजेडबाबांचा नियम होता.

"ऊन प्या. डोळ्यांनी प्या," पट्टशिष्य रांगेच्या कडेनं फिरत सांगत होता. हा पूर्वी व्यायामशाळेत लोकांकडून उठाबशा काढून घ्यायचा. आता भक्ती काढून घेत होता. शिट्टी मात्र गळ्यात तीच होती.

रांगेतली माणसं एरवी वेडी नव्हती. कुणी बेकरीत, कुणी छापखान्यात, कुणी बँकेत. दिवसभर कामाला जुंपलेली. गावामागच्या डोंगरावरून सायकलनं उतरायचा त्यांना नाद होता आणि नादाला सवड फक्त अंधार पडल्यावर. रात्री दगडधोंड्यांतून सायकल घालायची म्हणजे पुढं झणझणीत दिवा हवा. दिवा कोणता घ्यावा यावर या मंडळींत लग्नं मोडायच्या बेताची भांडणं झाली होती. मग उजेडबाबा आले आणि भांडणंच संपली.

रांगेत डोळ्यांची डॉक्टर असलेली एक बाई होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ, हात झोळीत बांधलेला. तिला अख्खं गाव ताई म्हणायचं, म्हणून आपणही तेच म्हणू.

दार उघडलं. आत काळोख. खिडक्यांना काळी कापडं ठोकलेली, समोर पांढरी भिंत, मागं पडदा आणि पडद्याला एक भोक. भिंतीपुढं उजेडबाबा उभे असावेत, कारण त्यांच्या पांढऱ्या जाकिटावरच्या चमकत्या पट्ट्या तेवढ्या हलत होत्या. बाकी माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत कशीबशी बसली.

"पहिला बाजारी दिवा," बाबा म्हणाले.

पडद्याच्या भोकातून झोत आला. भिंतीवर फिकट, आजारी गोळा उमटला.

"बघा. खोक्यावर लिहिलंय, डोंगर उजळेल. डोंगर राहू द्या, याला स्वतःचं बटण सापडायचं नाही. हा दिवा नाही, दिव्याची पुण्यतिथी आहे."

लोक खो खो हसले. दिवा बंद झाला.

"आता डोळे मिटा. आतला अंधार बाहेर सोडा. घाई नाही. अंधार जुना आहे, त्याला निघायला वेळ लागतो."

अर्धा तास सगळे डोळे मिटून बसले. कुणी हुंकार देत होतं, कुणी घोरत होतं. मग बाबांनी हलकेच टाळी वाजवली. "उघडा. हा माझा."

भिंत पेटली. निदान पेटल्यासारखी वाटली. बायाबापड्यांनी तोंडावर हात धरले, छापखान्यातला फोरमन स्फुंदू लागला, सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. छतावरची पाल त्या उजेडात लाजून दुसरीकडं गेली, असं नंतर लोक सांगायचे.

"हा बॅटरीवर जळत नाही," बाबा म्हणाले. "भावावर जळतो. मनात शंका आली की मंदावतो. आणि याचं कवच काढायचं नाही. कवच काढलंत की हाही बाजारी झाला." कवच म्हणजे दिव्याभोवती शिवलेली सोनेरी मखमली खोळ.

ताईच्याही डोळ्यांतून पाणी आलं होतं. पण डोळ्यांतून पाणी का येतं हे सांगण्यावरच तिचं घर चालत होतं. तिनं रुमालानं डोळे पुसले आणि मागं वळून त्या दाराकडं, दाराबाहेरच्या पांढऱ्या अंगणाकडं बराच वेळ पाहत राहिली.

घरी आल्यावर तिनं धाकट्याला समोर बसवलं. दोन महिन्यांपूर्वी तो याच दिव्याच्या भरवशावर डोंगर उतरत होता आणि दगडी उतारावर उलथला होता. खांद्याचं हाड मोडलं, पुढचा दात गेला.

"तू पडलास कशामुळं?" तिनं विचारलं.

"माझ्यामुळं."

"दिवा गेला म्हणाला होतास."

"गेला नाही, मंदावला. दगडी उतारावर आलो आणि मनात आलं, आज काही खरं नाही. तेवढ्यात मंदावला. त्याला कळलं ग ताई."

"दिव्याला कळलं."

"हो."

"मला सख्ख्या बहिणीला तुझ्या मनातलं इतक्या वर्षांत कळलं नाही."

"तू मनापासून ऐकत नाहीस," धाकटा म्हणाला. वर गेलेल्या दाताच्या फटीतून हसलाही. मग गंभीर होऊन म्हणाला, "पुढच्या रविवारी निष्ठेची उतरण आहे. दुपारी दर्शन, अंधार पडला की सगळ्यांनी बाबांच्या दिव्यानं उतरायचं. मी जाणार."

"एका हातानं?"

"ब्रेक दाबायला दोन बोटं लागतात. तेवढी आहेत. मला एकदा शंका न घेता खाली यायचंय, बस."

हा लहानपणी पडला की ताई रस्त्यालाच चापट मारायची, "रस्ता वाईट, आमचा बाळ शहाणा" म्हणायची. आता रस्ता सुटला, दिवा सुटला, आणि हा गाढव स्वतःलाच चापटा मारत बसला होता. मोडलेल्या हाडापेक्षा तिला ते जास्त लागलं. तिनं त्याच क्षणी ठरवलं की भावाला वाचवायचं, हे तर झालंच. पण तेवढ्यावर सोडायचं नाही. त्या माणसाचं नाक कापायचं, आणि तेही असं कापायचं की त्याला आरसा बघताना आपली आठवण यावी. डॉक्टर असली तरी ती माणूस होती, आणि रागावलेली असली की जरा जास्तच माणूस असायची.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बेकरीवाला आला. फांदीनं डोळा ओरबाडला होता.

"दगडी उतारावर?" ताईनं विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिवा मंदावला असेल."

बेकरीवाल्यानं मान खाली घातली. "शंका आली हो बाई. सगळा डोंगर कसा सुसाट उतरलो, दिवा लखलखीत. तिथं आलो आणि धीर सुटला."

"मग वेग?"

"वेग कसला. चालणारा माणूस पुढं निघून गेला असता."

"दिव्याला हात लावला होतात?"

"चटका बसला. बाबा म्हणतात, ते पापाचं तेज."

ताईनं त्याच्या डोळ्यात थेंब घातले आणि स्वतःच्या डोक्यात दिवा लावला. मंडळी सुसाट असतात तेव्हा वारा लागतो, दिवा निवतो. भीती वाटली की माणूस हळू होतो, वारा थांबतो, वर मखमलीची गोधडी पांघरलेली. दिवा तापणार नाही तर काय? तापला की आतली यंत्रणा जळू नये म्हणून आपणहून उजेड उतरवते. म्हणजे शंका आणि मंद दिवा हे जोडीनं यायचे हे खरंच होतं. बाबानं अख्खं खोटं सांगितलंच नव्हतं, म्हणून तर ते पचलं होतं.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. संध्याकाळी धाकट्याचा दिवा घेऊन ती स्वयंपाकघरात बसली. टेबलावर दिवा, समोर पंखा. पंखा चालू करून तिनं दिव्यावर मनसोक्त शंका घेतली. "तू फालतू आहेस," ती म्हणाली. "तुझा बाबा लबाड आहे. त्याचा पट्टशिष्य बैल आहे." दिवा ढिम्म हलला नाही, झगझगत राहिला. मग तिनं पंखा बंद केला, हात जोडले आणि म्हणाली, "तूच माझा तारणहार. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे." एवढा विश्वास तिनं लग्नातही नवऱ्यावर दाखवला नव्हता. थोड्या वेळानं दिवा पिवळटला, मग मलूल झाला. खोळ काढून पुन्हा पंखा लावला, तर हळूहळू शुद्धीवर आला.

"पंखा फार श्रद्धाळू दिसतो," ती पुटपुटली.

हे धाकट्याला सांगून उपयोग नव्हता. तो म्हणाला असता, घरात परीक्षा घेतलीस म्हणून दिवा रुसला. आणि सांगून तिचं पोटही भरलं नसतं.

रविवार आला. दर्शनाच्या वेळी पडद्यामागं दिवे लावायची सेवा धाकट्याकडं होती. पडल्याबद्दलचं प्रायश्चित्त होतं ते. ताई फाटकाशी पट्टशिष्यापुढं उभी राहिली.

"एका हातानं दिवा धरणार कसा आणि बटण दाबणार कसं? मी मदतीला जाते."

"आत मौन आहे, बाई."

"मी डोळ्यांची डॉक्टर आहे. तोंडाचं काम माझ्याकडं नसतं."

पट्टशिष्याला यात होकार वाटला की नकार, हे त्यालाच कळलं नाही. त्यानं शिट्टी वाजवली आणि सोडलं.

पडद्यामागं स्टुलावर दोन दिवे होते. एक उघडा, एक मखमलीतला. बाहेर उन्हातून आलेली माणसं धडपडत बसली. बाबांचा आवाज आला, "पहिला बाजारी दिवा."

ताईनं मखमलीतला उचलला.

"ताई, तो बाबांचा सिद्ध दिवा आहे," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला.

"ठाऊक आहे."

"अग पण..."

"मौन," ताई म्हणाली आणि झोत भोकात धरून बटण पूर्ण दाबलं.

बाहेर हशा उसळला. "बघा याचा चेहरा," बाबा सांगत होते. "काविळीतनं उठून आलाय. हा घेऊन डोंगर उतरण्यापेक्षा काडेपेटी घ्या, निदान विडी पेटवता येईल."

धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. ज्या दिव्यासाठी त्यानं दात घालवला होता त्याच्या काविळीवर त्याचे गुरू कोटी करत होते. तो ताईकडं बघत राहिला, ताई शांतपणे दिवा बंद करत होती.

मग डोळे मिटायची वेळ झाली. हुंकार सुरू झाले. काळोखात बहीणभाऊ शेजारी शेजारी बसले. धाकट्याचा श्वास जोरात चालला होता, पण तो उठला नाही. बाबांची टाळी वाजली. "उघडा. हा माझा."

ताईनं पदराआड खोचलेली बॅटरी काढली. पेशंटचे डोळे तपासायची, पेनाएवढी, टोपीला चिमटा असलेली.

"ही?" धाकटा म्हणाला.

"हीच."

भोकातून झोत गेला आणि बाहेर आरोळी उठली. हुंदके सुरू झाले. फोरमननं कुणाच्या तरी गळ्यात पडून टाहो फोडला.

"पाहिलंत?" बाबा गरजले. "यात मी माझा प्राण ओतलाय. असा उजेड बाजारात मिळेल?"

"मिळेल," पडद्यामागून आवाज आला. तो ताईचा नव्हता. धाकट्यानं चांगल्या हातानं पडदा धरून असा ओढला की वरची दांडीच खाली आली.

ताईची बॅटरी पेटलेलीच होती. तिनं बेकरीवाल्याला हाक मारली, त्यानं एका खिडकीचं काळं कापड फाडलं. दिवसाच्या उजेडात दीडदोनशे माणसांनी पाहिलं, डॉक्टरीणबाईच्या चिमटीत पेनाएवढी बॅटरी आहे आणि बाबांचा सिद्ध दिवा, मखमलीसकट, स्टुलावर.

"आधी ज्याला हसलात तो हा," ताई मखमलीवर बोट ठेवून म्हणाली. "आणि जिच्यापुढं रडलात ती ही. उन्हातून आलेल्या डोळ्याला काहीच दिसत नाही. माझ्या दवाखान्यात रोज दहा माणसं दारातल्या खुर्चीला अडखळतात. अर्धा तास अंधारात बसवा, मग काजवासुद्धा डोळ्यांत पाणी आणील. तुम्हाला चुन्याच्या अंगणात टोपी काढून उगाच उभं करत नव्हते. दिवा तोच, डोळे बदलत होते."

गोदामात कुजबूज झाली. बाबा मोठे धीराचे. त्यांनी जाकीट नीट केलं.

"कपटी हातात माझा दिवा मंदच दिसणार."

"मग माझी बॅटरी त्याच कपटी हातात कशी उजळली?" ताईनं विचारलं. "उलट हिच्यात तुम्ही प्राण ओतलात म्हणालात. पोचला वाटतं चुकीच्या पत्त्यावर."

लोक हसले. हसणं एकदा फिरलं की आवरत नाही, हे बाबांना धंद्यामुळं चांगलं माहीत होतं. त्यांनी हात वर केला. "भिंतीवर काय बघता? दिव्याची परीक्षा डोंगरावर. शंका नसेल तर तो मंदावत नाही, हा माझा शब्द आहे."

"मग चला की," बेकरीवाला म्हणाला. "अंधार पडला की निघू. पुढं तुम्ही, मागं आम्ही."

"सायकल मी चालवत नाही. गुडघा."

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. फोरमननं डोळे पुसले आणि नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"सायकल कशाला," ताई म्हणाली. "पायी उतरा. घाई नाही. अगदी सावकाश."

तिचा आवाज इतका गोड झाला होता की धाकट्यानं दचकून तिच्याकडं पाहिलं. बाबांना मात्र हायसं वाटलं. पायी चालायला काय जातं? ते तयार झाले.

तिन्हीसांजेला सगळा गोतावळा डोंगरावर गेला. निम्मे दगडी उताराच्या वर बसले, निम्मे पायथ्याशी. कुणीही दिवा लावायचा नाही असं ठरलं. वारा अगदी पडला होता. बाबांनी मखमलीतला दिवा उंच धरला, झोत दगडांवर लखलखला आणि ते पाऊल मोजत निघाले.

"शंका नाही, मंदी नाही," ते म्हणत होते. एक पाऊल, एक वाक्य. "भाव आहे तर तेज आहे." पाऊल. "हा दिवा म्हणजे मीच." पाऊल.

उताराच्या मध्यावर दिवा पिवळा झाला. बाबा बोलायचे थांबले. दिवा मलूल झाला. दगड दिसेनासे झाले.

"पट्टशिष्या," बाबांनी हाक मारली. पट्टशिष्य एव्हाना घरच्या वाटेला लागला होता.

"अरे कुणीतरी बॅटरी दाखवा."

पायथ्याहून ताईचा आवाज आला, सावकाश, प्रेमळ. "शंका घेऊ नका बाबा."

वरून बेकरीवाला म्हणाला, "मनातलं पाप बघा जरा." कुणी म्हणालं, "भाव वाढवा." कुणी म्हणालं, "दिवा म्हणजे तुम्हीच ना? मग विझलात काय?" दोन महिन्यांत कुणाचा गुडघा फुटला होता, कुणाचं मनगट गेलं होतं आणि प्रत्येकानं रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःच्या शंकेला शिव्या घातल्या होत्या. ते सगळं व्याजासकट वर-खाली दोन्हीकडून बाबांच्या अंगावर येत होतं. ताई एका दगडावर बसून ते ऐकत होती, जेवण झाल्यावर माणूस गाणं ऐकतो तशी.

बाबांचा पाय घसरला. ते बुडावर आपटले, आणि मग त्यांनी ते केलं जे ताईलाही अपेक्षित नव्हतं. त्यांनी दिव्याची मखमल ओरबाडून काढली, फेकून दिली आणि जाकीट काढून दिव्याला खसाखसा वारा घालू लागले.

सगळ्यांच्या देखत दिवा हळूहळू उजळत गेला.

"त्याला माहीत होतं," धाकटा म्हणाला.

"हो," ताई म्हणाली.

"पहिल्यापासून माहीत होतं. मी हॉस्पिटलात होतो तेव्हा भेटायला आला होता. म्हणाला, शंका कशी आली बाळा, आठव. मी तीन दिवस आठवत होतो, ताई."

तो उठला आणि वर चढू लागला. लोकांना वाटलं, पोरगं मनानं हळवं, हात द्यायला चाललंय. ताईलाही क्षणभर तेच वाटलं आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. धाकटा बाबांपाशी पोचला. बाबांनी हात पुढं केला. धाकट्यानं त्या हातातला दिवा काढून घेतला, बंद केला, खिशात टाकला आणि चाचपत चाचपत खाली निघून आला.

बाबा उरलेला उतार बुडावर उतरले. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट वरच राहिलं. गोदामाला दुसऱ्याच दिवशी कुलूप लागलं.

आता तुम्ही म्हणाल, दिवा निवडायचा तरी कसा? त्यात मंत्र नाही. दोन दिवे बघायचे तर एकाच अंधारात, डोळे सारखेच सरावलेले असताना, लागोपाठ, आलटून पालटून बघा. भिंतीवर नको, ज्या दगडांतून जायचंय त्या दगडांवर. उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो पेटता ठेवा, वाऱ्यात नव्हे, एका जागी. आणि दिवा असो, औषध असो की माणूस असो, जो म्हणतो की बिघडलो तर दोष तुझ्या शंकेचा, त्याच्यावर शंका सगळ्यात आधी घ्या. खरी वस्तू शंकेला भीत नाही. धाकट्यानं नवा दिवा घेतला तेव्हा दुकानदाराला इतके प्रश्न विचारले, की तो बिचारा शेवटी म्हणाला, "साहेब, विश्वास ठेवा हो." धाकटा म्हणाला, "ठेवतो ना. आधी अर्धा तास पेटवा."